वाडीत बंद, शेडमध्ये चालू

"गाडी लवकर चालू होत नाही" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. पण वैताग या वाक्याचा येत नाही. पुढच्या प्रश्नांना जी उत्तरं मिळतात त्यांचा येतो.

"कधी चालू होत नाही?"

"कधीच होत नाही."

"मग इथवर कशी आणली?"

"चालवत आणली की."

"सकाळी त्रास देते का गरम झाल्यावर?"

"तसं काही सांगता येत न्हाई. आन् ते तुम्ही बघा ना. मिस्त्री तुम्ही का मी?"



बाहेरच्या माणसाला सांगायचं तर हा धंदा तितका गूढ नाही. इंजिन चालू व्हायला मोजक्याच गोष्टी लागतात. ते जोरात फिरलं पाहिजे, म्हणजे बॅटरी, तिच्या वायरी आणि स्टार्टर धड पाहिजेत. त्याला तेल आणि हवा मिळाली पाहिजे. पेट्रोलची गाडी असेल तर ठिणगी पाहिजे, डिझेलची असेल तर दाब पाहिजे. जुन्या गाडीत यातलं एखादं रुसतं, कधी दोन मिळून रुसतात. आपण क्रमानं जायचं. स्वस्तापासून महागाकडं, आणि एक तपासून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. नांदेडला काम शिकत होतो तेव्हा हा क्रम मी खडूनं गॅरेजच्या भिंतीवर लिहिला होता. आमचे उस्ताद खवळायचे, "पाना धरायचा सोडून काय मास्तरकी करून राहिला?" आज माझ्या शेडच्या भिंतीवर तोच क्रम ऑइलपेंटनं लिहिलेला आहे.

त्या क्रमात एक गोष्ट मात्र कुठंच बसत नाही, ती म्हणजे माणूस. लोह्याच्या एका डॉक्टरांची जुनी पेट्रोल गाडी होती. कंपाउंडरनं चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू, डॉक्टरांनी फिरवली की नुसती खोकायची. माझ्या उस्तादांनी तिच्यातलं बदलण्यासारखं सगळं बदललं. शेवटी मी डॉक्टरांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "करा चालू." चावीला हात लावायच्या आधी डॉक्टरांनी पायानं तबला वाजवावा तसा ॲक्सिलेटर दाबायला सुरुवात केली. प्रत्येक दाबासरशी आत पेट्रोल जात होतं, आणि भिजलेल्या प्लगमधून ठिणगी कुठून येणार? मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, पेशंट ठणठणीत आहे. डोस जास्त होतोय." त्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि नंतर गाडी दुसरीकडं नेऊ लागले. ठीक आहे.

डॉक्टरांचं प्रकरण निदान लवकर मिटलं. मला खरं छळलं ते एका टँकरनं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नांदेड सोडून मी औसा रोडला पत्र्याचं शेड टाकलं ते त्याच भरवशावर. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या की गाड्या येणार, आणि गाड्या आल्या की बिघडणार. आडाखा बरोबर निघाला, फक्त त्याच्या पाठोपाठ दुष्काळही आला. विहिरींचे तळ दिसू लागले, नवे बोअर नुसती धूळ फेकायला लागले आणि माझ्या शेडपुढं पाण्याच्या टँकरची रांग लागली.

जिल्ह्याची वाटणी घरातल्या वाटणीसारखीच झाली होती. धाकट्याच्या वाट्याला डुगडुगती टेबलं, कुरकुरते पंखे आणि म्हाताऱ्या गाड्या. त्यातच एक जुना डिझेल ट्रक आला होता. त्याच्यावर पाण्याची टाकी बसवून टँकर केला होता. तो ज्या कार्यालयाकडं होता त्याचं नाव मी घेत नाही. माणसं चांगली होती.

टँकरवर बब्रुवान नावाचा ड्रायव्हर होता. निलंग्याकडचा, तिशीचा, रोजंदारीवर. नव्या जिल्ह्यात ड्रायव्हरच्या जागा निघाल्या होत्या आणि कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव गेलं होतं. गाडी तो बैल राखावा तशी राखायचा. रोज पुसायचा, दिव्याच्या काचेवर डाग दिसू द्यायचा नाही. त्याची खेप टाकेवाडीला असायची. टाकेवाडी म्हणजे निलंग्याच्या अलीकडं, चढावरची छोटी वस्ती. टँकरनं पाणी कोरड्या विहिरीत सोडायचं आणि बायांनी ते पोहऱ्यानं शेंदून न्यायचं, अशी तिथली पद्धत. दिवसाला दोन खेपा.

पहिली खेप सहसा सुरळीत व्हायची. दुसऱ्या खेपेला बब्रुवान इंजिन बंद करून पाणी सोडायचा, आणि पाणी संपलं की गाडी चालू होत नसे. स्टार्टर गरगर फिरायचा, इंजिन दाद देत नसे. कधी गावकऱ्यांनी उतारावर ढकलून चालू केली, कधी दुसरी गाडी बांधून ओढत आणली. कधी येताना चढावरच दम तोडायची. त्यात दुसऱ्या दिवशीची खेप चुकायची आणि निम्मी वाडी घागरी घेऊन बसायची.

गाडी माझ्याकडं आली. मी चावी फिरवली. जरा कुरकुरून चालू झाली. क्रमानं तपासलं. डिझेलच्या नळीत हवा सापडली. डिझेल इंजिनाला नळीतली हवा म्हणजे घशात अडकलेला घास. मी हवा काढली, जोडांचे वायसर बदलले, फिल्टर बदलले, आणि दोन दिवस शेडमध्ये बंद-चालू करून पाहिली. एका झटक्यात चालू. दिली पाठवून.

आठवड्याच्या आत परत.

"मिस्त्री, तिथं पुन्हा तेच," बब्रुवान म्हणाला.

"तेच म्हणजे काय?"

"तेच म्हणजे बंद."

मी बॅटरी तपासली, वायरींची टोकं घासली, स्टार्टर उघडला. पुन्हा एका झटक्यात चालू. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप नवा टाकला. चौथ्या वेळी माझ्याकडं बदलायला काही उरलंच नव्हतं. दिवसभर दर तासाला चालू करून पाहिली. एकदाही चुकली नाही. सरकारी रिवाजाप्रमाणं मला लेखी द्यावं लागायचं. मी लिहून दिलं, "वाहनात दोष आढळला नाही."

हा कागद गेला सूर्यवंशी साहेबांकडं. ते त्या कार्यालयाचे अव्वल कारकून. टँकर, डिझेल आणि ड्रायव्हर हे सगळं त्यांच्याकडं. कडक, हाताचे स्वच्छ आणि भयंकर संशयी. संशयाला कारणही होतं. आधीच्या वर्षी त्यांच्या दोन ड्रायव्हरांना डिझेल विकताना पकडलं होतं. तेव्हापासून साहेबांनी सक्त नियम केला. सकाळी डिझेल त्यांच्यासमोर काठोकाठ भरायचं, टाकीचं झाकण लावायचं आणि त्यावर लाख वितळवून नव्या जिल्ह्याचा नवा कोरा पितळी शिक्का मारायचा. सील फुटलेलं दिसलं की ड्रायव्हर घरी. गाडी दुरुस्तीला यायची तेव्हाही आधी साहेबांचा शिपाई सील फोडायचा, काठी बुडवून डिझेल मोजायचा, मगच गाडी माझ्या ताब्यात मिळायची.

साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"मिस्त्री, तुमच्या कागदावर दोष नाही. म्हणजे दोष ड्रायव्हरमध्ये आहे."

"तसं मी लिहिलेलं नाही, साहेब."

"लिहिलं नाही, पण निघतं तेच. मला सांगा, ही गाडी आधी कुरकुर करत होती का? नाही. सील सुरू केलं आणि ही बंद पडायला लागली. डिझेल काढता येईना, तर हा आता खेपाच चुकवतोय."

सील सुरू केल्यापासून गाडी बंद पडते. माणसानं आजाराचं निदान माझ्या तोंडावर सांगितलं, आणि मी ते ऐकून बॅटरीबद्दल बोलत बसलो. आजही आठवलं की माझा मलाच संताप येतो.

"या महिनाअखेर यादी वर जाते," साहेब म्हणाले. "अजून एक खेप बुडाली तर त्याचं नाव खाली येईल, आणि कामावरूनही काढीन. पाण्याच्या वक्ताला मला असली माणसं नकोत."

बब्रुवान दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं शेडवर आला. बसला नाही.

"मिस्त्री, तुम्ही माझं वाटोळं केलं बगा."

"मी? चार वेळा गाडी नीट करून दिली मी."

"नीट करून दिली न्हाई. नीट व्हती ती बगून दिली. हितं ती सासरी आल्यावानी गप ऱ्हाती. नखरे तिथं करती. तिथं या की येकदा."

"माझ्या शेडपुढं सात गाड्या उभ्या आहेत, बब्रुवान."

"मंग लिवा, ड्रायव्हर चोर हाय म्हणून. तेवढं तरी सरळ लिवा."

गेलो. पान्यांची पिशवी घेतली आणि दुसऱ्या खेपेला त्याच्या शेजारी बसलो. टाकेवाडीच्या चढाला इंजिनाची ताकद ओसरल्यासारखी वाटली, पण वर पोचलो. बब्रुवाननं विहिरीशी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि नळ सोडला. बाया गोळा झाल्या. त्यांच्यात पुढं होती गोदावरीबाई. तिला सगळी वाडी गोदामाय म्हणायची.

"ड्रायव्हर, आज ढकलायला कोण आणलंय?" तिनं विचारलं.

"मिस्त्री हायत, लातूरचे."

"मिस्त्री व्हय? बरं झालं. मला वाटलं अजून येक ढकलणारा."

पाणी संपलं. बब्रुवाननं स्टार्टर मारला. गरगर, गरगर, काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. रोग समोर आला होता.

मी पहिल्यापासून सुरू केलं. स्टार्टर जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी चांगली. हवेचा फिल्टर साफ. मग डिझेलच्या नळीचा पंपाकडचा जोड सोडवला. टाकी काठोकाठ भरलेली असते, तेव्हा डिझेल ठिबकायला पाहिजे होतं. थेंब नाही. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं तर नळीनं बोट ओढून धरलं. लहान लेकरू पितं तसं. उलटी ओढ! पंपानं टाकीतून डिझेल ओढायचं सोडून टाकीच नळीतून ओढत होती.

मी उठलो आणि टाकीच्या झाकणाकडं गेलो.

डब्यातलं तेल ओतायचं असेल तर आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक असेल तर थोडं येतं आणि थांबतं. गाडीच्या टाकीलाही ते दुसरं भोक लागतं. नव्या टँकरना त्यासाठी वेगळी नळी होती. वाटणीत आलेल्या या म्हाताऱ्याला ते झाकणातच होतं. झाकणाच्या बरोबर मध्यावर, सुईच्या नाकाएवढं. आणि शिक्का उमटायला सपाट जागा झाकणावर तेवढीच होती.

सगळं एकदम उलगडलं. सकाळी काठोकाठ भरून, भोक बुजवून गाडी निघे. पहिली खेप कशीबशी व्हायची. दुसऱ्या खेपेपर्यंत टाकीत इतकी ओढ तयार व्हायची की डिझेल यायचं थांबे, आणि बंद इंजिनात नळीतलं उरलेलंही मागं जाई. एखाद्या दिवशी लाखेला तडा गेला की गाडी नीट चाले. आणि माझ्याकडं यायच्या आधी शिपाई सील फोडून रोग बरा करून पाठवायचा.

"फोड ते सील," मी म्हणालो.

बब्रुवान झाकणावर हात ठेवून उभा राहिला. "हात लावू नका, मिस्त्री. सील फुटलं की माझी नोकरी फुटली."

त्याचं बरोबर होतं. मी नळी तशीच उघडी ठेवली. टाकीनं नळीतूनच हवा आत घेतली. मग जोड बसवला, हाताच्या दट्ट्यानं डिझेल ओढून हवा काढली. गाडी चालू झाली, सील शाबूत.

मी तसाच कार्यालयात गेलो आणि सूर्यवंशी साहेबांना सगळं समजावलं. तेलाच्या डब्याचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"गाडी शेवटी चालू झाली?"

"झाली."

"सील न फोडता?"

"हो, पण..."

"मग सिलाचा काय संबंध?"

मी पुन्हा सांगितलं. नळीतून हवा आत गेली म्हणून. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही नळी सोडवली. म्हणजे सील असूनही नळीतून डिझेल काढता येतं, असं तुमचं म्हणणं?" आता चूक माझ्याच अंगावर यायला लागली होती. मी म्हणालो, "साहेब, माझ्या म्हणण्यावर जाऊ नका. उद्या तुम्ही चला. सील तुमचं, शिक्का तुमचा, गाडीही तुम्हीच चालू करून बघा. झाली तर मी लिहून देतो, ड्रायव्हर कामचुकार आहे."

हे शेवटचं वाक्य बोललो तेव्हा बब्रुवान दाराशीच उभा होता. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की बस.

दुसऱ्या दिवशी साहेब पांढऱ्या शर्टात ट्रकच्या मधल्या जागेवर बसले. त्यांनी सकाळी लाख नेहमीपेक्षा जरा जास्तच ओतली होती, ते मी पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेला वाडीवर पोचलो. पाणी सोडून झालं. बब्रुवाननं स्टार्टर मारला. गरगर.

"सरका," साहेब म्हणाले. स्वतः बसले आणि स्वतः स्टार्टर मारला. गरगर, गरगर. त्यांनी खाली माझ्याकडं बघितलं. मी खिशात हात घालून लांब उभा होतो, मुद्दामच.

"सील फोडतो," ते उतरून म्हणाले, "पण पंचनामा करून. दोन पंच लागतील."

वाडीतले सगळे बाप्ये रोजगार हमीच्या कामावर गेलेले. विहिरीवर फक्त बाया. साहेब घुटमळले.

"पंच म्हणून बायका... म्हणजे तशी अडचण नाही, पण..."

गोदामायनं पोहरा काठावर ठेवला. "पाणी शेंदाय बाया चालत्यात, ढकलाय चालत्यात, आन् सही कराय न्हाई व्हय? सही येती मला, सायेब. अंगठा न्हाई."

तिनं शेजारच्या बाईलाही पुढं ओढलं. साहेबांनी बॉनेटवर कागद पसरला, दोघींची नावं लिहिली, मग स्क्रूड्रायव्हरनं आपलीच लाख टोकरायला लागले. वरवरची लाख निघाली, भोकात बसलेली तशीच राहिली, आणि झाकणही निघेना. शिपाई रोज याच झाकणाला गंजलं म्हणून शिव्या द्यायचा, ते मला नंतर कळलं. बब्रुवान मदतीला सरसावला तसा मी त्याला थांबवलं. "साहेबांनाच काढू दे. साहेब, कान जवळ ठेवा."

त्यांनी दोन्ही हातांनी पीळ दिला. झाकण जरासं फिरलं आणि टाकीनं हवा आत ओढली. लांब, मोठ्यानं. विहिरीपलीकडच्या बायांनीही माना वळवल्या.

"आगं बया," गोदामाय म्हणाली, "कवाची घुसमटली व्हती की ही!"

मी नळीतली हवा काढली. बब्रुवाननं स्टार्टर मारला आणि गाडी चालू झाली.

साहेबांनी झाकण उलटं करून भोकाला डोळा लावला, आभाळाकडं धरून पाहिलं. मग बॉनेटवर वाकून लिहायला लागले. माझ्या मनात धाकधूक होती. सरकारी माणूस स्वतःची चूक लिहीत नाही, फार तर "किरकोळ दुरुस्तीनंतर वाहन सुरू झाले" एवढं लिहितो. आणि एवढंच लिहिलं असतं तर बब्रुवानच्या फाईलला माझा "दोष आढळला नाही" तसाच चिकटून राहिला असता.

पंचनामा पंचांना वाचून दाखवावा लागतो. साहेबांनी घसा साफ केला आणि वाचला. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र कार्यालयाच्या लाखेच्या सिलाने बंद झाले होते, त्यामुळे वाहन सुरू होत नव्हते. यात चालकाचा कोणताही दोष नाही. खेपा बुडण्यास तो जबाबदार नाही.

गोदामायनं सही केली. ठसठशीत, पूर्ण नाव. शेजारणीनंही केली. साहेबांनी केली, मी केली. तोच कागद पुढं यादीबरोबर वर गेला, आणि बब्रुवान त्याच यादीत कायम झाला. सीलही राहिलं. लाख मध्यावर न ओतता झाकण आणि टाकीत तार ओवून तिच्या गाठीवर ओतायला लागले. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सह्या झाल्या आणि बब्रुवाननं इंजिन बंद केलं.

मी ओरडलो, "अरे, बंद कशाला केली?"

त्यानं स्टार्टर मारला. चालू. पुन्हा बंद केली. पुन्हा मारला. चालू. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता आणि पुन्हा पुन्हा तेच करत होता. इंजिन दर वेळी पहिल्या झटक्यात धडधडत होतं.

"पुरं कर रं आता," गोदामाय म्हणाली. "सरकारचं डिझेल हाय."

काठी बुडवून डिझेल मोजून घेणाऱ्या सूर्यवंशी साहेबांकडं मी पाहिलं. त्यांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि रस्त्याकडं तोंड करून म्हणाले, "करू द्या त्याला."